ओढ्यात गाडी घालून "पाय टेकला की खडा" खेळलेलं कोणी आहे का इथे?

ओढेकर_७१

नमस्कार मंडळी. विषय जरा येडचापच आहे पण दोन आठवडे डोक्यातून जात नाहीये म्हणून टाकतोय.

गावी (साताऱ्याजवळ, उरमोडीच्या खोऱ्यात) गोठ्याचे पत्रे बदलायला काढले होते. कडबा, जुनी पाभर, फुटका रांजण असलं सगळं बाहेर काढता काढता पार मागं दादांची राजदूत मोटरसायकल निघाली. दादा म्हणजे वडील, आमच्याकडं वडलांना दादाच म्हणतात. १७५ ची, काळी, तीन गियरची. ती तिथं आहे हे माहीत होतं, पण वीसेक वर्षं कोणी हात लावला नव्हता. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला. मी उगाच हँडल धरलं, क्लच दाबला, केबल तुटून हातात आली, आणि तिथंच उभ्या उभ्या ओढा आठवला.

साल १९८५-८६. मी चौदा-पंधरा वर्षांचा. दादा सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायचे, गाडीच्या दोन्ही अंगाला दोन किटल्या. संध्याकाळची फेरी झाली की गाडी धुवायला म्हणून मी ओढ्यावर न्यायचो. धुवायचो पण, शेवटी. त्याच्या आधी आम्ही चौघं पोरं तासभर खेळायचो. उन्हाळ्यात ओढ्याला घोट्याएवढं पाणी, बाकी नुसते गोटे, आणि मधोमध एक कातळ, बैल बसल्यासारखा. खेळ असा की पुलाखालून गाडी घालायची आणि वरच्या विहिरीपर्यंत आणायची, पहिल्या गियरमध्ये, पाय न टेकवता. वेगात नाही हां. हळू. शेजारनं माणूस चालत आला तर तो पुढं निघून जाईल एवढं हळू. मागनं एक जण चालायचा, त्याच्या डाव्या खिशात खडे, पाय टेकला की एक खडा उजव्या खिशात. वर गेल्यावर खडे मोजायचे आणि ज्याचे जास्त त्यानं सगळ्यांना गारेगार द्यायचं. खडेवाल्याशी भांडणं किती झाली त्याला गणती नाही, "टेकला नाही, नुसता घासला" हे वाक्य मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा त्या ओढ्यात बोललो असेन.

शिकवलं कोणीच नाही पण आपोआप कळत गेलं. सीटवर बसलात की गेलात. फूटरेस्टवर उभं राहायचं, गाडीला खाली हवी तशी हलू द्यायची आणि आपण वर सरळ राहायचं. क्लच अर्धा, रेस तेवढीच, आणि गाडी पळायला लागली तर रेस कमी करायच्या ऐवजी मागचा ब्रेक चोरून दाबायचा. आणि बघायचं चाकाकडं नाही, तीन दगड पुढं. ज्या दगडाकडं बघितलं त्याच दगडावर चाक जातं, हे शंभर टक्के.

पकडलो गेलो तो किस्सा सांगतो. पावसाच्या तोंडाला एक दिवस घाईत एक किटली सोडायची राहिली. बैलाच्या कातळावर गाडी आडवी झाली, किटलीचं झाकण उडालं आणि गढूळ पाण्यात कुठं गेलं ते गेलंच. अंधार पडेपर्यंत चौघं वाकून शोधत होतो. दादांना घरी काही सांगावं लागलंच नाही, त्यांनी आधी किटली बघितली, मग माझी चप्पल बघितली, मग मडगार्डात अडकलेलं शेवाळ बघितलं. मारलं नाही. आख्खा पावसाळा मी सायकलवरनं दूध घातलं, दोन्ही वेळ, एका किटलीला झाकणाच्या जागी केळीचं पान बांधून.

आता मुद्द्यावर येतो. परवा पोरानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, परदेशात कुठंतरी पावसात नदीच्या दगडांतून बिनसीटच्या गाड्या चालल्यात, आणि कडेला एक म्हातारा रेनकोट घालून बोटं वर करतोय, एक... दोन... मी ओरडलोच, अरे हा आमचा खडेवाला! पोरगा म्हणला बाबा ह्याला ट्रायल्स म्हणतात, वर्ल्ड चॅम्पियनशिप असते. चाळीस वर्षं मला वाटत होतं हा खेळ आमच्या ओढ्यातच निघाला आणि तिथंच संपला.

तर एक विचारायचंय की असलं काही तुम्ही कोणी केलंय का, कुठं, कुठल्या गाडीवर. आणि दुसरं, राजदूत चालू होईल का? गावातला मेस्त्री म्हणतो भंगारात घाला. माझं वय ५४. बायको म्हणते इंजिनाच्या आधी गुडघ्यांचं बघा.

सडेवाला

वा ओढेकर, सकाळी सकाळी चहा थंड केलात माझा.

आमच्याकडे ओढा नाही, सडा. रत्नागिरीच्या वरच्या अंगाला, नुसता जांभा दगड, मैलभर सपाट, मध्ये मध्ये चिरेखाणीचे खड्डे आणि पायऱ्या. गणपतीत मामा मुंबईहून यायचा त्याची यामाहा आरएक्स १०० घेऊन, ९० किंवा ९१ साल असेल, आणि आरतीनंतर मामा झोपला की आम्ही गाडी ढकलत सड्यापर्यंत न्यायचो, ढकलत का तर तिचा आवाज आख्ख्या वाडीला पाठ होता. सप्टेंबरात सडा म्हणजे हिरवागार आणि त्याखाली बुळबुळीत शेवाळ. तुमचा खेळ पाय न टेकवण्याचा, आमचा खाणीच्या पायऱ्या चढायचा. एक पायरी वीतभर, दुसरी दोन वीत, तिसरी कोणी चढलाच नाही.

आता एक सांगतो, लोक आरएक्सचं कितीही गुणगान करोत (मीही करतो, ९८ सीसीत ११ हॉर्सपॉवर म्हणजे काय चेष्टा आहे का) पण ह्या कामाला ती गाडी नाही. खाली दमच नाही. रेस दिली, काही नाही, अजून दिली, काही नाही, आणि मग एकदम सगळं एकाच वेळी येतं आणि मागचं चाक शेवाळावर भिंगरीसारखं फिरतं आणि गाडी तुमच्या आधी वर पोचते, तुम्ही खाली बसलेले. तुमच्या राजदूतला तो त्रास नसणार, तिला मुळात काही एकदम येतच नाही.

मग आम्ही अक्कल चालवली. टायरमधली हवा काढली, कुठेतरी ऐकलं होतं की मऊ टायर दगडाला धरतं. धरलं की! पहिल्या दोन पायऱ्या लोण्यासारख्या. तिसरीला चाक जागेवर फिरलं, टायर रिमवर सरकलं, सोबत ट्यूब सरकली आणि व्हॉल्वच उपटला. रात्री दहा वाजता, सड्यावर, पंक्चर. पंक्चर पण नाही, ट्यूबच गेली. तीन किलोमीटर ढकलत आणली आणि सकाळी मामाला सांगितलं रात्री कोणीतरी हवा सोडली. मामाने अजून ते मान्य केलेलं नाही.

लीड्सकर

ओढेकर, तुमच्या खडेवाल्याला इथे ऑब्झर्व्हर म्हणतात आणि तो जवळजवळ नेहमी रिटायर्ड माणूस असतो, फ्लास्क आणि फोल्डिंग खुर्ची घेऊन आलेला. मी इंग्लंडात यॉर्कशरला एकोणीस वर्षं आहे, मुलाच्या नादाने ह्यात पडलो. क्लबच्या रविवारच्या ट्रायलला माणसं कमी पडतात म्हणून मलाही दोन-तीनदा उभं केलं ऑब्झर्व्हर म्हणून, त्यामुळे अधिकारवाणीने सांगतो.

मार्क जितके कमी तितकं चांगलं. ओढ्याचे किंवा डोंगराचे तुकडे पाडलेले असतात, त्याला सेक्शन म्हणतात. सेक्शन पाय न टेकवता पार केलं तर शून्य, ह्याला क्लीन म्हणतात आणि क्लीन गेलेला माणूस दिवसभर जमिनीपासून दोन बोटं वर चालतो. एकदा टेकला तर १, दोनदा २, आणि तीन किंवा त्याहून कितीही वेळा टेकला तरी ३. म्हणजे एकदा तीन झाले की मग माणूस बिनधास्त पाय मारत, बदकासारखा वर येतो, त्याचं काही जास्त जात नाही. पडलात, सीमेबाहेर गेलात किंवा मागे सरकलात तर ५. थांबण्याचे नियम स्पर्धेप्रमाणे बदलतात, काही ठिकाणी नुसतं थांबलं तरी ५. वेग कोणी बघत नाही. आणि "टेकला नाही, घासला" हे भांडण इथेही तसंच्या तसं आहे, फक्त इंग्लिशमध्ये आणि जरा हळू आवाजात.

एका मे महिन्यात स्कॉटलंडला फोर्ट विल्यमला गेलो होतो, तिथे सहा दिवसांची ट्रायल असते, सोमवार ते शनिवार, पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून चालत आलेली. बेन नेव्हिसच्या पायथ्याचा भाग. रोज तीसेक सेक्शन आणि त्यांच्यामध्ये दलदल, माळ, रस्ता असा लांबचा प्रवास, त्याच गाडीवर, जिला सीट नसते. म्हणजे दिवसभर उभं. आम्ही एका ओढ्याच्या कडेला दगडावर बसलो होतो, पाऊस असा की छत्रीला अर्थ नाही. एक साठीचा माणूस आला, गाडी बंद केली, उतरून चालत चालत सगळा ओढा वर पर्यंत बघून आला, एका दगडावर बूट घासून पाहिला, परत खाली गेला, किक मारली आणि आला की हो वर. माणसं बोलत नाहीत त्या वेळी. सगळ्यांना इंजिनाचा बारीक आवाज आणि पाणी एवढंच ऐकू येतं. वरच्या शेवटच्या दगडावर त्याचा पाय टेकला. ऑब्झर्व्हरने एक बोट वर केलं आणि सगळी गर्दी एकदम "ऊऊऊ" करून हळहळली. मी पण हळहळलो, माझा काका असल्यासारखा.

जमलं तर बुल्टाको शेर्पा ह्या स्पॅनिश ट्रायल-गाडीची गोष्ट वाचा. सॅमी मिलर नावाचा आयरिश माणूस, ५०० सीसीच्या एरियल गाडीवर सगळं जिंकत होता, तो १९६४ च्या शेवटी ती जड फोर-स्ट्रोक सोडून ह्या हलक्या टू-स्ट्रोक गाडीकडे गेला, गाडी घडवण्यातच त्याचा हात होता. लोकांना वाटलं डोकं फिरलं. १९६५ ला त्याच गाडीवर तो स्कॉटलंडची ट्रायल जिंकला आणि जड गाड्यांचे दिवस संपत गेले. आता तर गाड्या सत्तर किलोच्या आत-बाहेर असतात आणि मागच्या टायरात हवा म्हणाल तर चार-पाच पौंड. सडेवाले, तुमची अक्कल बरोबरच होती, फक्त ट्यूब नको होती.

बुलेट_राधानगरी

सत्तर किलो?? ती काय मोटरसायकल हाय का पालेभाजी.

भावांनो कुणी बुलेटचं नावच घेईना म्हणून आलो. आमच्या आजोळी राधानगरीकडं आजोबांची ३५० होती, गियर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असलेली जुनी. पोरगं दुसऱ्या गाडीवरनं हिच्यावर बसलं की ब्रेक म्हणून गियर टाकायचं. तिला हळू चालवायची असती तर काय करायचं म्हाइतेय? काहीच नाही. पहिला गियर टाकायचा, क्लच सोडायचा आणि रेसवरनं हात काढून घ्यायचा. धक... धक... धक... आजोबा तिच्यावर मोळी बांधून बांधावरनं यायचे, दोन्ही बाजूला भाताची खाचरं, बांध हातभर रुंद, आणि तंबाखू मळत यायचे हो, खोटं वाटंल पण डोळ्यानं बघितलंय. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनातलं फिरतं चाकच एवढं जड की इंजिन बंद पडायचं म्हटलं तरी पडायचं नाही. टू-स्ट्रोक असलं करून दाखवा.

आता पडली की मात्र पडली. मी एकदा खाचरात घातली, दीडशे किलोच्या वर वजन, चिखल, आणि मी सातवीत. आजोबा आले, बघितलं, म्हणले "आता भात काढूस्तोवर राहू दे तिथंच". मग चार गडी बोलवले.

लीड्सकर साहेब तुमच्या त्या सहा दिवसाच्या खेळात बुलेट कधी गेलीय का नाही तेवढं सांगा, नसंल तर खेळच नकली.

लीड्सकर

@बुलेट_राधानगरी गेलीय की. नुसती गेली नाही, जिंकलीय. १९५२ आणि १९५७, दोन्ही वेळा जॉनी ब्रिटन, रॉयल एनफिल्डवर. आणि त्याच्याही आधी, १९४८ ला बुलेटला मागे झोके घेणारं सस्पेन्शन लावून पहिल्यांदा लोकांसमोर आणली ती एका ट्रायलमध्येच. त्या काळच्या पट्टीच्या ट्रायलवाल्यांचं मत असं की मागचं चाक कडकच हवं, स्प्रिंग म्हणजे लाड. त्याच वर्षी इटलीतल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बुलेटवाल्यांनी सोन्याची मेडल घेतली, मग हळूहळू सगळ्यांनीच स्प्रिंगा लावल्या. तुमच्या आजोबांना हे सगळं बांधावरच कळलेलं दिसतंय.

कंपनीने २०१९ मध्ये भारतात बुलेट ट्रायल्स म्हणून मॉडेल काढलं होतं त्या ब्रिटनच्याच आठवणीत, लाल आणि हिरवी फ्रेम, वर वळवलेला सायलेन्सर, एकच सीट. फार चाललं नाही, वर्षभरात बंद झालं.

बुलेट_राधानगरी

विषय संपला. मी जातो.

(जात नाही, वाचतोय.)

लुनावाली_ताई

सगळे पुरुषच लिहितायत म्हणून मीही लिहिते, गाडी ऐकून हसू नका. लुना.

आमच्या नगरमध्ये तेव्हा घरटी लुना होती, कारखानाच गावात. मी अकरावीला असताना, १९८९, आईची लुना मला मिळायची क्लासला जायला. मी आणि माझी मैत्रीण, ती तिच्या भावाची घ्यायची. क्लास बुडवून आम्ही दोघी चांदबिबीच्या महालाला जायचो, पाथर्डी रस्त्याने, तो डोंगर तुम्ही पाहिला असेल. वरपर्यंत वळणावळणाचा रस्ता आहे. पन्नास सीसीची लुना तो डोंगर एकटी चढत नाही, तिला खालून मदत लागते. मदत म्हणजे पेडल. ज्यांनी चालवली नाही त्यांना सांगते, तिला सायकलसारखी पेडलं असतात, चढ आला की इंजिन रडायला लागतं आणि आपण पेडल मारायचं, मग दोघं मिळून वर जायचं.

तर आमचा नियम तुमच्या उलटा होता. पाय टेकवला तर चालेल पण पेडल मारायचं नाही. ज्या वळणावर पहिलं पेडल मारलं ते वळण वहीत मागच्या पानावर लिहायचं, तारीख घालून. केमिस्ट्रीची वही होती. वर्षाअखेर मी शेवटून दुसऱ्या वळणापर्यंत गेले होते. त्यासाठी काय काय केलं, डबा घरी ठेवला, पुस्तकं मैत्रिणीच्या पिशवीत, पेट्रोल मोजून अर्धा लिटर, खालून धाव घ्यायची आणि वळणाच्या बाहेरच्या कडेने यायचं म्हणजे चढ कमी लागतो. एका काकांनी घरी सांगितलं की तुमची मुलगी डोंगरावर लुना "पळवते". पळवते! ताशी दहाच्या वेगाने.

वडील म्हणाले लायसन्स दाखव. होतं माझ्याकडे, सोळाव्या वर्षी बिनगियरच्या पन्नास सीसीचं मिळायचं तेव्हा, पहिल्या आठवड्यात काढलं होतं. मग त्यांना काही बोलताच येईना.

ओढेकर दादा, राजदूत भंगारात देऊ नका. आमची लुना आईने १९९७ ला साडेसातशे रुपयांना दिली, मी सासरी होते, मला विचारलं पण नाही. वही मात्र आहे.

नियमवाले_काका

आठवणी छान आहेत पण जरा भान ठेवून लिहा. चौदा वर्षांचं पोर, लायसन्स नाही, हेल्मेट नाही, आणि हे सगळं कौतुकाने सांगायचं? आजची मुलं वाचतात. आमच्या वर्गातल्या एकाने असंच टेकडीवर करताना कॉलरबोन मोडून घेतलं आणि एनडीएची परीक्षा हुकली त्याची. शिवाय ओढ्यात ऑइलवाली गाडी धुणं म्हणजे खाली गुरं तेच पाणी पितात. पुण्यात वेताळ टेकडीवर आता कोणी गाडी घातली तर सकाळी फिरायला येणारे लोक फोटो काढून तक्रार करतात, आणि बरोबर करतात, एका पावसाळ्यात त्या टायरच्या चाकोरीची घळ होते.

ओढेकर_७१

काका, ऑइलचं बरोबर बोललात, तेव्हा कळत नव्हतं. हेल्मेटचं पण मान्य. लायसन्सचं काय सांगू, दादांकडंच होतं का नाही मला शंका आहे.

लुनावाली ताई, त्या वहीचं एक पान टाका की इथं. आणि लीड्सकर, तुमच्याकडं लहान पोरं करतात का हे? तुमच्या मुलाचं लिहिलंत म्हणून विचारतो.

लीड्सकर

करतात. चार-पाच वर्षांची सुद्धा, बारक्या इलेक्ट्रिक गाड्यांवर, आवाज नाही धूर नाही, बापाच्या हातात गाडी बंद करायची दोरी. पोरगं जरा पळालं की दोरी ओढली, गाडी बंद. हेल्मेट, बूट, सगळं सक्तीचं, आणि जागा क्लबने शेतकऱ्याकडून दिवसापुरती घेतलेली असते, नियमवाल्या काकांना आवडेल असं. माझा मुलगा आठव्या वर्षी लागला. आता सोळाचा आहे आणि म्हणतो कंटाळा येतो, त्याला गिटार हवंय. गाडी गॅरेजमध्ये आहे. मी रविवारी ती बाहेर काढतो आणि मागच्या अंगणात दोन विटा ठेवून त्यांच्यामधून आठ आकडा काढतो. बायकोने पडदा लावून घेतलाय त्या खिडकीचा.

प्लगपाना

उशिरा आलो. कोणीच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही, सगळे रमले. ओढेकर, राजदूत चालू होते. माझं तीस वर्षं हेच काम आहे, जुन्या टू-स्ट्रोक गाड्या, आधी मालकाकडे आता स्वतःचं गॅरेज. ऐका.

पहिली गोष्ट, किक मारू नका. वीस वर्षं उभी आहे म्हणजे पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला चिकटलेल्या असणार, जोर लावलात तर रिंग तुटते आणि मग खरंच भंगार. प्लग काढा, आत दोन-तीन चमचे डिझेल किंवा रॉकेल आणि थोडं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल घाला आणि दोन दिवस विसरून जा. मग टॉप गियर टाकून मागचं चाक हाताने पुढंमागं हलवून बघा, हळूच. हललं की अर्धी लढाई. नाही हललं तर परत ऑइल, परत दोन दिवस. घाई नको. क्लच प्लेटी पण एकमेकींना चिकटलेल्या असणार, त्या केस खोलून सोडवायच्या, पाट्या स्वच्छ केल्या की बहुतेक वेळा त्याच चालतात.

टाकी. आत गंज असणार. मूठभर बारीक नट आणि थोडं डिझेल घालून टाकी हलवा, दोघं जण धरून, गंमत म्हणून नाही, चांगली अर्धा तास. मग नट मोजून काढा, घातले तेवढे आले पाहिजेत. कॉक नवीन टाका. कार्बोरेटरच्या जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं, हवेनं उडवा. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासा, काळे पडलेले असतात, करंट येत नाही तो इथंच अडकतो. आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला विसरू नका, आजकालची पोरं विसरतात, हिला वेगळा ऑइल पंप नाही आरएक्ससारखा.

शेवटचं आणि महत्त्वाचं, क्रँकचे ऑइल सील. रबर वाळून दगड झालेलं असतं. टू-स्ट्रोकमध्ये खालच्या पेटीतही कॉम्प्रेशन लागतं, सील गेलं की तिथनं हवा ओढते आणि गाडी चालू होईल पण हवेवर जाईल, रेस आपोआप चढेल, गरम होईल आणि पिस्टन धरेल, म्हणजे जाम होईल. म्हणून गाडी उठली म्हणून लगेच ओढ्यात घालू नका. आधी सील.

रस्त्यावर आणायची तर आरसीचं बघा, पंधरा वर्षांपुढच्या गाडीला फिटनेस करून रिन्यू करावी लागते. शेतात फिरवायची तर तुम्ही आणि तुमचे गुडघे.

आणि एक, मेस्त्री भंगारात घाला म्हणतो ना, त्याला विचारा किती देतोस. आकडा ऐकून कळेल तो स्वतः घ्यायला बघतोय का.

ओढेकर_७१

प्लगपाना शेठ, लई उपकार. विचारलं मेस्त्रीला. सहा हजार म्हणाला, मी गप्प बसलो तर आठ झाला. म्हणजे तुमचं बरोबर.

अपडेट, सहा आठवड्यांनंतर लिहितोय. चाक पाचव्या दिवशी हललं, तेही अगदी बोटभर, मी आणि पोरगा दोघंच होतो, आवाज आला "कट्ट" आणि आम्ही एकमेकांकडं बघितलं की काही मोडलं का काय. मोडलं नव्हतं. सील पुण्यातनं मागवले. टाकीत एकवीस नट घातले, वीस निघाले, एकविसावा अजून आत आहे, वळणावर खडखडतो. (शेठ, शिव्या द्या, चालेल.) गाडी रविवारी संध्याकाळी चालू झाली, अकराव्या किकला, आणि धूर इतका की शेजारची म्हातारी विचारायला आली कुठं पेटलंय. आई आतनं म्हणली "दूध घालायला निघाला काय रे?" आईला हल्ली काळ-वेळ कळत नाही, पण आवाज कळला.

ओढ्यावर नेली. धुतली नाही हो काका, नुसती नेली, हेल्मेट घालून. पूल नवा झालाय, मोठा, ओढ्यात सिमेंटचा बंधारा घातलाय त्यामुळं वरचं निम्मं पात्र पाण्याखाली. विहिरीपर्यंत जाताच येत नाही. बैल आहे पण, अर्धा पाण्याबाहेर. चौघांतला एक जण गावातच असतो, त्याला फोन केला, तो आला, त्याचं पोट माझ्याहून मोठं. आल्या आल्या वाकला आणि खडे उचलून खिशात घालायला लागला, काही बोललाच नाही.

पुलाखालून बैलापर्यंत, साठ-सत्तर पावलं असतील. तो म्हणतो सात. मी म्हणतो पाच, दोन वेळा नुसता घासला.

सडेवाला

सातच असणार.

लीड्सकर

तिनाच्या पुढे मोजत नाहीत. तीन.

बुलेट_राधानगरी

गारेगार कुणी दिलं ते सांगा आधी